फायबर वाढवल्यावर पोट साफ व्हायच्या ऐवजी डब्ब का होतंय?

पोटोबा (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी, विषय जरा अडचणीचा आहे पण इथे कुणी कुणाला ओळखत नाही म्हणून मोकळेपणानं विचारतो. बरेच दिवस पोट नीट साफ होत नव्हतं, म्हणजे दिवसाआड जायचं, गेलं तरी कुंथत बसायचं आणि निघणार काय तर खडे. ज्याला विचारावं तो एकच सांगणार, फायबर वाढव. म्हटलं आता घ्यायचंच मनावर, आणि एका सोमवारपासून सगळंच बदलून टाकलं. सकाळी ओट्स, त्यात दोन मोठे चमचे गव्हाचा कोंडा, दुपारी भलंमोठं बाऊलभर सलाड (काकडी, टोमॅटो, लेट्यूस), रात्री राजमा नाहीतर काबुली चणे, झोपताना दोन चमचे इसबगोल.

झालं काय, तर पोट फुगून डब्ब, संध्याकाळी पँटचं बटण लागत नाही, गॅस इतका की ऑफिसात मीटिंगला बसायची चोरी, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते आहे तिथेच, उलट आता जास्त जड वाटतं. रोग परवडला पण औषध नको अशी गत झालीये. एक मित्र म्हणतो की जी गोष्ट आपल्याला पचतच नाही ती खायचीच कशाला, सोड सगळं. आता मला पण तसंच वाटायला लागलंय. नक्की किती फायबर लागतं, ते विरघळणारं आणि न विरघळणारं काय प्रकरण आहे, आणि माझं चुकतंय कुठे?

वय ३८, बसून काम, थायरॉईडची गोळी चालू आहे, बाकी काही नाही.

निवांत:

पाणी किती पिता ते लिहिलंच नाहीत. आणि सगळं एकाच सोमवारी सुरू करायला कुणी सांगितलं होतं हो? पोटाला पण नोटीस पिरियड लागतो :)

कोंड्याचा_मांडा:

निवांतरावांनी दोन ओळींत मुद्द्याचं सांगितलंय, मी जरा पाल्हाळ लावतो.

आधी तुमचा हिशोब मांडू. कोरडे ओट्स ४० ग्रॅम धरले तर त्यात ४ ग्रॅम फायबर, दोन मोठे चमचे कोंडा म्हणजे अजून ३, शिजवलेला राजमा वाटीभर म्हणजे १० च्या आसपास, इसबगोल दोन चमचे म्हणजे ६-७, सलाडचे २-३. म्हणजे आधी जे काही खात होतात त्याच्यावर एका दिवसात २५ ग्रॅमची भर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम सांगते, ब्रिटनमध्ये ३० सांगतात. तुम्ही एका सोमवारात शून्यावरून नाही, तर आहे त्याच्यावर अख्खा दिवसाचा कोटा टाकलात. पोट बोंबलणारच.

आता मित्राच्या प्रश्नाचं. पचत नाही हे अर्धं खरं आहे. स्टार्च आणि सेल्युलोज (फायबरमधला एक मुख्य घटक) दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, फक्त कड्या जोडल्या आहेत वेगळ्या पद्धतीनं. स्टार्चची जोडणी तोडायचं एन्झाइम आपल्याकडे आहे, सेल्युलोजची तोडायचं नाही. म्हणून ते लहान आतड्यातून जसंच्या तसं खाली उतरतं. पण खाली मोठ्या आतड्यात बॅक्टेरिया बसलेत आणि त्यांच्याकडे आपल्याकडे नसलेली पुष्कळ एन्झाइम्स आहेत. ते यातलं बरंच फायबर आंबवतात आणि त्यातून तयार होतात छोटी फॅटी ॲसिड्स, ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यातलं ब्युटिरेट महत्त्वाचं, कारण मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा त्यावरच मिळवतात, रक्तातल्या साखरेवर नाही. म्हणजे तुम्ही जे खाता त्यातला हा भाग थेट आतड्याच्या अस्तराचं जेवण आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत तर असं दिसलंय की फायबर बंद केलं की काही बॅक्टेरिया आतड्याच्या आतला चिकट म्यूकसचा थरच खायला लागतात. आणि हो, फायबरमधून कॅलरी शून्य मिळतात असंही नाही, या फॅटी ॲसिड्समुळे ग्रॅममागे साधारण २ कॅलरी धरतात.

पण आंबवणं म्हटलं की गॅस आलाच. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काही लोकांत मिथेन. राजमा आणि चण्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, त्या तोडायचं एन्झाइम माणसात नाही, त्यामुळे त्या पूर्णच्या पूर्ण बॅक्टेरियांच्या ताटात. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्या, बऱ्यापैकी फरक पडतो. काही आठवडे नियमित खाल्लं की बॅक्टेरियांची वस्ती पण बदलते आणि त्रास कमी होतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

आता विरघळणारं आणि न विरघळणारं. पुस्तकात असे दोन कप्पे असतात पण कामाचं खरं म्हणजे दोन वेगळेच प्रश्न विचारायचे. एक, पाण्यात घट्ट जेल होतं का. दोन, बॅक्टेरिया ते खातात का. घरीच बघा, एका ग्लासात चमचाभर इसबगोल टाका आणि दुसऱ्यात चमचाभर कोंडा, दोन्ही ढवळा आणि दहा मिनिटांनी या. इसबगोलचा ग्लास उलटा केला तर लोळा हळूहळू सरकेल, चमचा उभा राहील इतका दाट. कोंडा मात्र तळाशी बसलेला, वर पाणी गढूळ, एकेक कण वेगळा. दोघांचं पोटातलं काम पण इतकंच वेगळं आहे.

इसबगोल जेल होतं आणि मुख्य म्हणजे बॅक्टेरिया त्याला फारसं खात नाहीत, त्यामुळे धरून ठेवलेलं पाणी शेवटपर्यंत टिकतं. शौच मऊ होतं. आणि गंमत म्हणजे पातळ होत असेल तर तेच पाणी धरून घट्ट करतं, एकच वस्तू दोन्हीकडे चालते. कोंड्याचं काम जेलनं नाही, टोकेरी कणांनी होतं. जाडसर कण आतड्याच्या अस्तराला घासतात, त्यामुळे अस्तर पाणी आणि म्यूकस सोडतं. म्हणून कोंडा जाडा असला तरच उपयोग, बारीक दळलेला उलट शौच घट्ट करू शकतो. ओट्समधलं बीटा-ग्लुकन नावाचं विरघळणारं फायबर जेल होतं पण खाली जाऊन आंबतं, म्हणून ते कोलेस्टेरॉलला चांगलं, बद्धकोष्ठाला तितकंसं नाही.

तुमच्या यादीत चूक एकाही वस्तूत नाही. सगळं एकदम आलं एवढंच, आणि झोपताना इसबगोल घेता ते मला पटत नाही. त्याला भरपूर पाणी लागतं, चमच्याला निदान मोठा ग्लासभर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. कमी पाण्यात घेतलं तर ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं, हे उगाच घाबरवायला सांगत नाहीये.

सरळ_बोलतो:

मी जरा वेगळा सूर लावतो, मारू नका.

फायबरची ही सगळी हवा डेनिस बर्किट नावाच्या आयरिश सर्जनपासून सुरू झाली. हा माणूस युगांडात बरीच वर्षं होता, त्याच्या नावाचा बर्किट लिम्फोमा नावाचा कॅन्सर पण आहे, म्हणजे ऐरागैरा नव्हता. त्यानं १९७०च्या दशकात मांडलं की तिथल्या खेड्यातल्या लोकांचं अन्न पोटातून ब्रिटिशांपेक्षा निम्म्या वेळात बाहेर पडतं, शौचाचं वजन कितीतरी जास्त, आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर, मूळव्याध वगैरे तिथे क्वचित, तर कारण फायबर. पण युगांडातल्या शेतकऱ्यात आणि लंडनच्या कारकुनात फायबर सोडून शंभर फरक आहेत की. मग २००० साली दोन मोठ्या चाचण्या आल्या, एकात कमी चरबीचा भरपूर फायबरवाला आहार, दुसऱ्यात गव्हाचा कोंडा, आणि आतड्यातले पॉलिप (अस्तरावरच्या छोट्या गाठी, ज्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) पुन्हा येण्यात काही फरक पडला नाही. म्हणून म्हणतो, दोन चमचे कोंडा खाऊन आपण अमर होणार नाही. त्रास होत असेल तर बंद करा, पोटाचं ऐका.

कोंड्याचा_मांडा:

@सरळ_बोलतो, मुद्दा चांगला आहे आणि त्या चाचण्यांचं खरं आहे. फक्त त्यात पॉलिप तीनचार वर्षांत परत येतो का एवढंच बघितलं होतं, कॅन्सर व्हायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यानंतर २०१९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेला आढावा आला, १८५ निरीक्षणात्मक अभ्यास आणि ५८ चाचण्या एकत्र करून. सगळ्यात जास्त फायबर खाणाऱ्यांत हृदयविकार, टाइप २ डायबेटिस, मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि एकूणच मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्के कमी, आणि फायदा सगळ्यात ठळक दिसला तो २५ ते २९ ग्रॅमच्या टप्प्यात. यातला मोठा भाग निरीक्षणाचा आहे हे मान्य, फायबर खाणारा माणूस सिगरेट पण कमी ओढत असेल. पण चाचण्यांमध्ये सुद्धा वजन, कोलेस्टेरॉल आणि ब्लडप्रेशर उतरलेलं दिसलं, तिथे सिगरेटचा बहाणा चालत नाही.

कोलेस्टेरॉलचं तर यंत्रच माहीत आहे. लिव्हर कोलेस्टेरॉलपासून पित्ताची आम्लं बनवतं, ती आतड्यात येतात, काम झालं की बहुतेक परत शोषली जातात आणि पुन्हा वापरली जातात. जेल होणारं फायबर त्यातली काही आपल्यात अडकवून बाहेर नेतं. मग लिव्हरला नवीन बनवावी लागतात आणि त्यासाठी ते रक्तातलं एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) ओढून घेतं. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न आणि औषध प्रशासनानं) आधी ओट्सच्या बीटा-ग्लुकनला (दिवसाला ३ ग्रॅम) आणि मग १९९८ मध्ये इसबगोलच्या विरघळणाऱ्या फायबरला (दिवसाला ७ ग्रॅम) पाकिटावर हृदयाचा दावा छापायला परवानगी दिली. फरक थोडाच असतो, औषधाची जागा घेण्याइतका नाही, पण असतो.

सरळ_बोलतो:

ठीक, एलडीएलचं घेतलं पदरात. कोंड्याबद्दल माझं मत कायम.

चिडकं_आतडं:

कोंड्याबद्दल सरळ_बोलतोंना माझा पाठिंबा, पण कारण वेगळं. मला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे चिडकं आतडं) आहे, कॉलेजपासून. डॉक्टरांनी सुरुवातीला कोंडा दिला होता आणि त्यानं जी वाट लावली ती विचारू नका, सकाळी पोटात मुरडा सुरू व्हायचा तो दुपारपर्यंत, घराबाहेर पडायचं तर आधी रस्त्यात टॉयलेट कुठे आहे ते बघायचं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी कोंडा बंद करून इसबगोल दिलं, तेही पाव चमच्यापासून, आणि हळूहळू वाढवलं. आता आयबीएसच्या सल्ल्यातच असं असतं की विरघळणारं आणि कमी आंबणारं फायबर घ्या, कोंडा टाळा. ज्यांना फारच गॅस होतो त्यांच्यासाठी मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीच्या लोकांनी काढलेला लो-फॉडमॅप आहार आहे, त्यात कांदा, लसूण, गहू, कडधान्यं वगैरे काही आठवडे बंद करून मग एकेक परत आणून बघतात की कुठलं भोवतंय. पण तो आहारतज्ज्ञाच्या मदतीनंच करा आणि कायमचा तर अजिबात करू नका, कारण त्यात फायबरचीच उपासमार होते आणि वर लिहिलेल्या त्या बॅक्टेरियांची पण.

पोटोबा, तुम्हाला आयबीएसच आहे असं म्हणत नाहीये हं, नुसतं फुगणं म्हणजे आयबीएस नाही.

पोटोबा (धागाकर्ता):

बापरे, एवढं सगळं कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. पाणी खरंच कमी आहे, एसीत बसलं की तहानच लागत नाही. आता अजून थोडं विचारतो, कंटाळू नका. सलाडमधून फक्त २-३ ग्रॅम? मी तर तेच सगळ्यात हेल्दी समजून ताटभर चरतोय. आणि फळं चावत बसायला वेळ नसतो म्हणून ज्यूस करून घेतला तर चालेल का, मिक्सरमध्ये सगळं एकत्र?

पानफुटी:

सलाडचं दुःख सगळ्यांचंच आहे :) काकडी ९५ टक्के पाणी, १०० ग्रॅममध्ये फायबर अर्धा ग्रॅम. लेट्यूस फारतर सव्वा ग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या शिजवलेल्या मसुरात ८ ग्रॅम. खा की सलाड, बाकी फायदे आहेत, पण फायबरसाठी त्यात मूठभर उकडलेले चणे किंवा वाटाणे टाकलेत तर ताटभर पाल्यापेक्षा जास्त काम होतं. पांढऱ्या भातात जवळजवळ काही नाही, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात अर्ध्या ग्रॅमच्या पण आत. पूर्ण गव्हाच्या पिठात १०० ग्रॅमला ११-१२ आणि मैद्यात ३ च्या खाली, फक्त पीठ बदललं तरी दिवसभरात केवढा फरक पडतो बघा. साल न काढलेलं मध्यम सफरचंद ४ ग्रॅमच्या वर, बदाम मूठभर ३-४. भात किंवा बटाटा शिजवून थंड केला तर त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो, तो पण फायबरसारखाच वागतो, मात्र त्यावर फार मदार ठेवू नका, थोडाच होतो.

ज्यूस आणि मिक्सर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाळलेल्या ज्यूसमधून फायबर गेलंच, चोथ्यात टाकून दिलंत. मिक्सरमध्ये सगळं फिरवलं तर फायबर राहतं पण पेशींच्या भिंती फुटलेल्या असतात. १९७७ सालचा एक जुना प्रयोग आहे, लोकांना तेवढ्याच साखरेचं सफरचंद तीन रूपांत दिलं, अख्खं, गर करून आणि रस. रस सगळ्यात पटकन संपला आणि पोट सगळ्यात कमी भरलं, शिवाय रस प्यायल्यावर इन्सुलिन जास्त उसळलं आणि नंतर साखर खाली आली. गर मधे कुठेतरी. तर घाईत असाल तेव्हा मिक्सर ठीक, ज्यूस सोडा, आणि सफरचंद चावायला असा किती वेळ लागतो हो?

अवांतर: कोंड्यात आणि कडधान्यांत फायटेट असतं, ते लोह आणि झिंक धरून ठेवतं. कडधान्यं भिजवून मोड आणले की ते कमी होतं. कोरडा कोंडा मात्र चमचेच्या चमचे खायचा तर रक्त कमी असणाऱ्यांनी जरा विचार करावा.

रात्रपाळी:

वॉर्डात नर्स आहे, म्हणून दोन शब्द. (ऑनलाइन कुणी तपासत नाही, हा सल्ला म्हणजे तपासणी नव्हे वगैरे समजून घ्या.)

पोटोबा, तुमचं अन्न पोटातून किती वेळात जातं ते घरीच कळू शकतं. एकदा मक्याचे दाणे खा, फार चावू नका, आणि ते बाहेर कधी दिसतात ते बघा, दाण्याचं साल पचत नाही म्हणून ओळखू येतं. दिवस-दीड दिवसात दिसले तर वेग ठीक, तीन दिवसांच्या वर गेले तर मंद. मंद असेल तर वरून अजून फायबर ढकलून काही होत नाही, माल पुढे सरकत नाहीये आणि आपण मागून भरत राहतो. काही लोकांत तर आतडं नीट चालतं पण बाहेर पडताना ओटीपोटाच्या खालचे स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळतात, असे लोक कितीही कोंडा खाऊ देत, कुंथणं सुटत नाही, त्यांना त्या स्नायूंचं ट्रेनिंग लागतं आणि त्यानं चांगला फरक पडतो. बोट घालून काढावं लागणं, गेल्यावर सुद्धा अर्धं राहिल्यासारखं वाटणं, असं असेल तर लाजू नका, डॉक्टरला तसंच्या तसं सांगा. पेशंट सगळं सांगतात आणि नेमकं हेच गाळतात.

शौचात रक्त, वजन आपोआप उतरणं, हिमोग्लोबिन कमी, रात्री पोटदुखीनं जाग येणं, किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक सवय बदलणं, यातलं काही असेल तर फायबरचा प्रयोग बाजूला ठेवून आधी तपासून घ्या. तुमच्यात यातलं लिहिलेलं काही दिसत नाही.

आता करायचं काय, तर मी तुमच्या जागी असते तर कोंडा आणि झोपतानाचं इसबगोल दोन्ही सध्या बंद केलं असतं, राजमा-चणे रोजच्या ऐवजी आठवड्यातून दोनदा आणि अर्धी वाटी, ओट्स चालू. पोट खाली बसलं की इसबगोल अर्ध्या चमच्यापासून, दिवसा, मोठ्या ग्लासभर पाण्याबरोबर, आणि आठवड्याला ४-५ ग्रॅमपेक्षा जास्त फायबर वाढवायचं नाही. सकाळी खाल्ल्यावर अर्ध्या तासात टॉयलेटला बसा, जेवणानंतर आतडं आपोआप हलतं त्याचा फायदा घ्या, पायाखाली छोटं स्टूल ठेवा म्हणजे गुडघे वर येतात. मोबाईल बाहेर.

पोटोबा (धागाकर्ता):

स्टूल आहे घरी, मोबाईलचं बघतो :) म्हणजे इसबगोल सकाळी हलवायचं ना? मी सकाळी उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी घेतो, त्याच पाण्यात इसबगोल पण मिसळून घेतलं तर एका ग्लासात दोन कामं होतील.

रात्रपाळी:

नाही नाही, तसं अजिबात करू नका! थायरॉईडची गोळी त्या जेलमध्ये अडकून नीट शोषली न जाण्याची शक्यता असते, मग टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉईड कमी पडलं की वाढतो) वर जाऊ शकतं आणि डोस उगाच वाढवून मिळतो. तुमचा टीएसएच शेवटचा कधी बघितला होता, हे सगळं सुरू करायच्या आधी की नंतर? थायरॉईड कमी पडलं तर बद्धकोष्ठ त्यानं पण होतं, तेव्हा तो रिपोर्ट आधी काढा. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, ओट्स अर्ध्या-एक तासानं, आणि इसबगोल गोळीपासून निदान चार तास लांब, म्हणजे तुमच्या बाबतीत दुपारच्या जेवणाच्या वेळेला. इतर गोळ्या कधी सुरू झाल्या तर त्यांच्यात पण दोनेक तासांचं अंतर ठेवा आणि डॉक्टरला इसबगोल घेतो हे आठवणीनं सांगा, लोक ते औषधात धरतच नाहीत.

पोटोबा (धागाकर्ता):

टीएसएच बघून वर्ष झालं असेल. उद्या सकाळी लॅबवाल्याला बोलावतो. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.